सिरीज एस ठेवू का विकून पीएस ५ घेऊ? रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय

उशिराचा_खेळाडू

मंडळी, बरेच महिने इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे, तीन वर्षं झाली. एकदम ठणठणीत चालतोय, आवाज नाही, गरम होत नाही, आणि गेम पासमुळे (एक्सबॉक्सची वर्गणी, ती भरली की त्यातले गेम खेळता येतात) मी आयुष्यात कधी विकत घेतले नसते असले गेम खेळून झालेत. माझा जीव आहे त्याच्यावर, हे आधीच सांगून ठेवतो. पण गेल्या वर्षभरात आमच्या चौघांच्या ग्रुपमधले तिघं एकामागून एक पीएस ५ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर गेले. आता रात्री नऊ-साडेनऊला ते फुटबॉलचा गेम लावून बसतात, ग्रुपवर गोलच्या क्लिप पडतात, खेचाखेची चालते आणि मी ते वाचत एकटाच करिअर मोड खेळत बसतो. मध्ये एकदा त्यांच्यातल्या एकाला गेममध्ये शोधून बघितलं, नाव टाकलं, काही आलंच नाही, मग सोडून दिलं.

दुसरी गोष्ट जागेची. नावाला ५१२ जीबी, पण गेम टाकायला हातात येते ३६४ जीबी. मोठे तीन-चार गेम टाकले की संपलं, नवीन काही टाकायचं तर जुनं उडवा, आणि मग महिन्याभरानं तेच जुनं परत हवंसं वाटतं की रात्रभर डाउनलोड लावून झोपा.

तिसरी गोष्ट आणि बहुतेक खरं कारण हेच असावं, मला घोस्ट ऑफ योतेई खेळायचाय. त्याचा पहिला व्हिडिओ बघितल्यापासून डोक्यातून जात नाहीये. शिवाय ॲस्ट्रो बॉट, स्पायडरमॅन २, ग्रॅन टुरिस्मो ७. यातलं एकही एक्सबॉक्सवर नाही.

आता प्रश्न असा की ओळखीतला एक जण माझा एस घ्यायला तयार आहे, रविवारपर्यंत हो-नाही सांग म्हणालाय. दोन्ही कन्सोल ठेवणं मला आत्ता झेपणार नाही, हा गेला तरच दुसरा येईल. टीव्ही फोर के आहे पण ६० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. धाकटी बहीण आहे, आठवीतली, ती एसवर तिच्या खात्यावरून माइनक्राफ्ट खेळते, तो ठोकळे रचून आपलं जग बांधायचा गेम. तिला विचारलं तर म्हणाली विक की, मला काय.

तर ठेवू का जाऊ? ज्यांनी अशी उडी मारलीय त्यांनी सांगा, कारण यूट्यूबवरच्या तुलना बघून बघून डोकं पार गरगरायला लागलंय, सगळे टेराफ्लॉप, म्हणजे मशीनची ताकद मोजतात, माझ्यासारख्याचं कोणी बोलत नाही.

सेव्ह_पॉइंट

मित्रा, विकायचं जरा बाजूला ठेव, आधी त्या मॅचचं बघू, कारण मला वाटतं तिथे गफलत झालीय. ईए स्पोर्ट्स एफसीच ना? त्यात क्रॉसप्ले आहे! फिफा २३ पासून आहे (या गेमचं आधीचं नाव फिफा), एकाच पिढीतल्या मशीनमध्ये, म्हणजे सिरीज एस, सिरीज एक्स, पीएस ५ आणि पीसी हे एकमेकांशी खेळतात, आणि एफसी २४ पासून क्लब्समध्येसुद्धा आलं, म्हणजे मित्रांनी मिळून एकाच संघात खेळायच्या प्रकारात. तुझे तीन मित्र आणि तू आज रात्री एकत्र खेळू शकता.

नाव टाकून सापडला नाही याची कारणं दोन असू शकतात. एक, तू त्याचं प्लेस्टेशनचं नाव टाकलं असशील, तर त्याचा ईए आयडी (गेम बनवणाऱ्या ईए कंपनीच्या खात्याचं नाव) माग आणि गेममधल्या फ्रेंड्सच्या खिडकीत तो टाकून शोध. दोन, तुझ्या एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये एक्सबॉक्सच्या बाहेरच्या लोकांबरोबर खेळायची परवानगी वेगळी असते, ती बघ. खातं जर तू शाळेत असताना उघडलं असशील तर ती बंद असण्याची दाट शक्यता आहे. आणि क्रॉसप्लेचा पर्याय गेमच्या आतसुद्धा चालू लागतो, दोन्ही बाजूंनी. बोलायचं असेल तर डिस्कॉर्ड लावा, एक्सबॉक्सवर २०२२ मध्ये आलं आणि पीएस ५ वर २०२३ मध्ये.

आता जाण्याबद्दल. मी गेलोय, एक्सबॉक्सवरून पीएस ५ वर, म्हणून सांगतो. नवा कन्सोल जोडला त्या रात्री भारी वाटतं, खोटं नाही बोलत. आठवड्यानं कधीतरी एखादा जुना गेम आठवतो, हात कंट्रोलरकडे जातो आणि मग लक्षात येतं की तो गेम इथे नाहीच, परत घ्यावा लागणार आणि पहिल्यापासून खेळावा लागणार. डिजिटल घेतलेला प्रत्येक गेम त्या खात्याला बांधलेला असतो, तो ना विकता येतो ना नेता येतो. ॲचिव्हमेंट तिकडेच. सेव्ह तिकडेच. अपवाद आहेत पण ते नाव घेऊन मोजावे लागतात, फोर्टनाइट, रॉकेट लीग, डेस्टिनी २, डायब्लो ४, नो मॅन्स स्काय यांचं सगळं तुमच्या त्या-त्या खात्यावर असतं त्यामुळे मागे मागे येतं, बाल्डर्स गेट ३ तो बनवणाऱ्या लॅरियनच्या खात्यातून सेव्ह उचलतो, विचर ३ डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून उचलतो. बाकी बहुतेकांचं नाही येत. आणि तुझ्या फुटबॉलमध्ये अल्टिमेट टीम (खेळाडू जमवून केलेली स्वतःची टीम) असेल तर ऐक, क्रॉसप्ले असला तरी टीम एक्सबॉक्सवरून प्लेस्टेशनवर जात नाही, शून्यापासून.

कंट्रोलर पण जात नाही, हेडसेट एक्सबॉक्सचा वायरलेस असेल तर तोही नाही. साधा ३.५ मिलिमीटर पिनवाला असेल तर दोन्हीकडे कंट्रोलरला लागतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की रविवारच्या आत एका संध्याकाळी बस आणि लायब्ररी उघडून एकेक गेम बघ. हा माझा का गेम पासचा? परत खेळणार का? सेव्ह गेला तर चालेल का? टेराफ्लॉप मीही मोजले होते, एसचे ४, पीएस ५ चे १०.२८, त्याचा मला ठरवताना काडीचा उपयोग झाला नाही.

दोन_मुलांची_आई

अरे, तू बहिणीचं एका ओळीत उरकलंस पण मी तिथेच अडकले. आठवीतली मुलगी ‘मला काय’ म्हणते तेव्हा तिला बरंच काही असतं. माझी मोठी अगदी अशीच आहे. तिला परत विचार, आणि विक की नको असं विचारू नकोस, तुझ्या वर्ल्डमध्ये काय काय आहे दाखव ना असं म्हण, तासभर तिच्याशेजारी बस.

कारण माइनक्राफ्टचं वर्ल्ड हे बाकी गेमच्या सेव्हसारखं नाहीये. गेमचा सेव्ह म्हणजे तुम्ही कुठपर्यंत आलात ते. वर्ल्ड म्हणजे तिने बांधलेलं. एक्सबॉक्सवर ते तिच्या खात्याबरोबर क्लाउडवर जपलेलं असतं, पण पीएस ५ ते उघडत नाही. न्यायचा रस्ता आहे एक, पण तो नंतर सांगते, आधी तिला विचार.

दुसरं, घरात खर्चाचं मीच बघते म्हणून हे सांगते. नवीन कन्सोल घेताना लोक फक्त मशीनचा विचार करतात. विकतचे गेम ऑनलाइन खेळायचे तर दोन्हीकडे वर्गणी आहेच, तिकडे पीएस प्लस, इकडे गेम पास, आणि फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना दोन्हीकडे लागत नाही. पण एक फरक फार कोणी सांगत नाही. एक्सबॉक्सवर सेव्ह क्लाउडवर आपोआप जातात, वर्गणी असो नसो. प्लेस्टेशनवर क्लाउड सेव्हसाठी पीएस प्लस चालू असावं लागतं. मुलं सेव्ह उडवतात तेव्हा हा फरक फार मोठा वाटतो, विश्वास ठेव.

आणि गेम पासवर तू जे खेळलास ते तुझं नाही हे लक्षात आहे ना? वर्गणी थांबली की गेम बंद, सेव्ह राहतो पण उघडायला गेम हवा. तेव्हा वर कोणी म्हणालंय तशी यादी करशील तर हे आधी वेगळं काढ. बऱ्याच जणांना तेव्हा कळतं की आपल्या मालकीचे गेम चार-पाचच आहेत, मग जाणं सोपं होतं. किंवा उलटं कळतं की ज्याच्यामुळे रोज कन्सोल लावतो ते सगळं गेम पासच आहे, मग जाणं महागात पडतं. तुझं कुठलं, ते तुलाच दिसेल.

थर्ड_लेव्हल

मी वेगळं बोलतो, राग मानू नका कोणी. जा तू. ज्या गेमसाठी जीव तुटतोय तो गेम खेळायला मिळणं याच्यापुढे बाकी सगळं हिशेबाचं आहे. तू स्वतःच लिहिलंयस की खरं कारण योतेई आहे. मग क्रॉसप्ले जमला तरी ते कारण जागच्या जागीच राहतं.

आणि वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते पण बघ. एक्सबॉक्सचे गेम प्लेस्टेशनवर यायला लागलेत, सी ऑफ थीव्ह्ज २०२४ मध्ये आला, फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये, गिअर्स ऑफ वॉरचा पहिला भाग नव्यानं केला तो ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी आला, आणि हेलोसुद्धा पीएस ५ वर येणार असं त्याच वर्षी जाहीर झालं. हेलो! मी लहानपणी ज्याच्यासाठी मित्राच्या घरी जाऊन बसायचो तो हेलो. उलट्या दिशेनं असं होत नाही, सोनीचे मोठे गेम पीसीवर येतात उशिरानं, एक्सबॉक्सवर क्वचितच. म्हणजे पीएस ५ वर बसलेल्याला दोन्हीकडचं मिळत चाललंय आणि एक्सबॉक्सवर बसलेल्याला एकाच बाजूचं. जीटीए ६ मात्र दोन्हीकडे येणार आहे, एसवरसुद्धा, त्यामुळे त्याच्या भीतीनं विकू नकोस.

एसबद्दल एक. चांगली वस्तू आहे पण रॅम १० जीबी आहे, पीएस ५ आणि सिरीज एक्सची १६. याचा अर्थ काय ते बाल्डर्स गेट ३ मध्ये दिसलं, एक्सबॉक्सवर तो डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा एसवर एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय नव्हती, ती थेट एप्रिल २०२५ च्या पॅच ८ मध्ये मिळाली. तुझ्या टीव्हीवर चित्राचाही थोडा फरक पडेल, कारण एस १४४० पी, म्हणजे फोर केपेक्षा कमी बारकाव्याचं चित्र डोळ्यासमोर ठेवून बनवलाय. १२० हर्ट्‌झचा फायदा मात्र तुला कशावरच नाही, टीव्हीच ६० चा आहे.

विकणार असशील तर एक काम मात्र न चुकता कर. मी आधीचा कन्सोल विकला, नाव राहू दे, घेणारा दारात उभा होता म्हणून घाईघाईनं रिसेट मारला. शेवटच्या दोन आठवड्यांत घरी इंटरनेट नव्हतं, सेव्ह वर गेलेच नव्हते, आणि त्या दोन आठवड्यांत मी एका गेमचा शेवटचा अख्खा भाग खेळलो होतो, माझ्या भावाबरोबर, तो सुट्टीवर आला होता तेव्हा. अजून आठवलं की पोटात कालवतं. तेव्हा आधी ऑनलाइन जा, सिंक होऊ दे, दुसऱ्या एखाद्या मशीनवर किंवा क्लाउडवर उघडून खात्री कर, मग रिसेट. घेणाऱ्याला अर्धा तास थांबवलं तर काही बिघडत नाही.

डिस्कवाला

एक मुद्दा राहिला म्हणून लिहितो. तुझा एस बिनडिस्कचा. गेला तर पीएस ५ डिस्क ड्राइव्हवालाच बघ. तुझे तीन मित्र पीएस ५ वर आहेत म्हणतोस, त्यांनी संपवलेल्या डिस्क तू आणून खेळणार, तू संपवलेल्या ते नेणार, चौघांत मिळून वर्षाला किती गेम फिरतील बघ. पीएस ४ च्या जवळजवळ सगळ्या डिस्क पण चालतात त्यात, म्हणजे मागची दहा वर्षं उघडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारीक मॉडेल आलं त्याला ड्राइव्ह नंतरही लावता येतो, फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

जागेचं म्हणशील तर पीएस ५ ला आत एम डॉट २ चा खाचा आहे, त्यात वेगाच्या अटीत बसणारी कुठल्याही कंपनीची एसएसडी (वेगवान साठवण) बसते. एक्सबॉक्सला त्याच्यासाठीच बनवलेलं कार्ड लागतं. पण तू एस ठेवलास तर एक स्वस्तातला मार्ग आहेच, साधी यूएसबी हार्डडिस्क लाव. एक्सबॉक्स वन आणि त्याआधीचे गेम तिच्यावरून सरळ चालतात, नवे गेम तिच्यावरून चालत नाहीत पण ठेवता येतात, हवे तेव्हा आत कॉपी करायचे. रात्रभर डाउनलोड करण्यापेक्षा कॉपी कधीही परवडली.

आणि सगळ्यात सोपं सांगू का, तिघांतल्या एकाला म्हण तीन दिवस तुझा पीएस ५ दे, माझा एस ने. मित्र आहेत ना. घरी आणून स्वतःच्या टीव्हीवर, स्वतःच्या खुर्चीत खेळून बघ. यूट्यूबवर कंट्रोलर हातात येत नाही.

उशिराचा_खेळाडू

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आधी चांगली बातमी. क्रॉसप्ले चालला!! प्रायव्हसीचंच होतं, खातं मी नववीत असताना बाबांच्या फॅमिली ग्रुपमध्ये उघडलेलं, ती परवानगी तेव्हापासून बंद. ती चालू केली, ईए आयडी टाकला, एका मिनिटात नाव आलं. काल रात्री साडेनऊ ते साडेअकरा चौघं एका क्लबमध्ये खेळलो. वर्षभरात पहिल्यांदा. हेडफोनमधून तिघांचे आवाज एकदम कानावर आले तेव्हा मला क्षणभर बोलताच येईना. म्हणजे जे कारण मी सगळ्यात वर लिहिलं होतं ते गेलंच.

यादी पण केली. एकूण ४१ गेम खेळलोय, त्यातले माझे स्वतःचे ६. बाकी सगळे गेम पास. परत खेळावेसे वाटणारे त्या सहांतले दोन.

आता बहिणीचं. ताई, तुम्ही बोललात ते अगदी खरं निघालं, मी विचारायच्या आधीच. परवा पाणी प्यायला उठलो, रात्रीचे बारा वाजून गेलेले, बाहेर टीव्ही चालू, आवाज बंद. ती टीव्हीसमोर मोबाइल धरून उभी होती आणि तिच्या वर्ल्डचे फोटो काढत होती. एकेक खोली. दार उघडायचं, आत जायचं, चारी बाजूंना वळायचं, प्रत्येक बाजूचा एक फोटो, मग पुढची खोली. मी मागे उभा आहे हे तिला कळलंच नाही. शेवटी ती बाहेर आली, तळ्याकाठी लाकडाचा एक बाक होता आणि शेजारी पाटी, पाटीवर लिहिलं होतं आजोबांची जागा. आमचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. ती खेळायची तेव्हा ते शेजारी बसून इकडे खण, तिकडे पूल टाक असं सांगायचे, त्यांना त्या गेममधलं काही कळत नव्हतं तरी. तिथला पूल त्यांनीच सांगितलेला आहे. त्या बाकाचे तिने फोटो काढले नाहीत, नुसती तिथे उभी राहिली बराच वेळ.

मी न बोलता परत जाऊन झोपलो. झोप कसली.

ताई, तो रस्ता सांगा ना, वर्ल्ड न्यायचा.

दोन_मुलांची_आई

वाचून गलबलून आलं रे.

रस्ता असा. माइनक्राफ्टमध्ये रेल्म नावाची वर्गणी असते, म्हणजे वर्ल्ड त्यांच्या सर्व्हरवर ठेवायची जागा. तिच्या खात्यावरून एका महिन्यापुरतं रेल्म घ्यायचं, एक्सबॉक्सवरून तिचं वर्ल्ड त्यात चढवायचं, मग पीएस ५ वर माइनक्राफ्ट उघडून तिच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करायचं आणि रेल्मच्या सेटिंगमधून ते वर्ल्ड खाली उतरवायचं. झालं, ते आता तिकडचं. पीएस ५ वर माइनक्राफ्ट परत विकत घ्यावा लागतो, एक्सबॉक्सवर घेतलेला तिकडे चालत नाही. आम्ही असंच एका मशीनवरून दुसऱ्यावर नेलं होतं, घरं, प्राणी, पेटीतलं सामान, पाट्यांवरची अक्षरं सगळं जसंच्या तसं आलं. फक्त तिला शेजारी बसवून तिच्याच हातानं कर. आणि नवीन जागी बाकापर्यंत चालत जाऊन बघितल्याशिवाय जुन्यातलं काहीही काढू नका.

पण मला विचारशील तर मी तो कन्सोल सध्या हलवणार नाही.

सेव्ह_पॉइंट

क्लबमध्ये चौघं खेळलात हे वाचून फार बरं वाटलं.

एक जोडतो. पुढेमागे तू पीएस ५ घेतलास आणि एस बहिणीकडे राहिला, तर तो एस तुझ्या खात्याचं होम एक्सबॉक्स म्हणून लावून ठेव. म्हणजे तू साइन इन नसलास तरी त्या मशीनवर तिला तिच्या खात्यावरून तुझे सहा गेम खेळता येतील, आणि गेम पास चालू ठेवलास तर तेही. कदाचित आत्ताही तसंच असेल, बघून घे, कारण होम बदलायला वर्षाला ५ च वेळा मिळतात.

थर्ड_लेव्हल

मी जा म्हणालो होतो. बाकाचं वाचल्यावर मागे घेतो. म्हणजे पीएस ५ घेच, आज नाही तर उद्या, पण हा विकून नको.

उशिराचा_खेळाडू

शनिवार रात्र, शेवटचं लिहितो.

डिस्कवाला यांचं ऐकलं. गुरुवारी मित्राचा पीएस ५ घरी आणला, योतेईच्या डिस्कसकट, त्याला मी माझा एस देणार होतो पण त्यानंच नको म्हटलं, बहिणीला लागेल म्हणाला. तीन दिवस खेळलो. पहिल्यांदा त्यात आधीपासून असलेला ॲस्ट्रोज प्लेरूम लावला आणि अर्धा तास नुसता चालत राहिलो, वाळूवरून चाललं की हातात वाळूसारखं लागतं, काचेवरून चाललं की टिकटिक, पाऊस पडला की तळहातावर थेंब थेंब. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता, जाहिरात वाटायची. मग योतेई. १६०३ सालचं उत्तर जपान, समोर तो बर्फाचा डोंगर, गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं, आणि गेमची नायिका अत्सू वाटेत कुठेतरी बसून चित्र काढते तेव्हा कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवून आपण कुंचला ओढायचा. बहीण शेजारी येऊन बसली आणि म्हणाली मला दे, हे मी काढते. त्यानंतरची सगळी चित्रं तिनंच काढली.

म्हणजे मला तो हवाय. आधी होता त्याच्यापेक्षा जास्त हवाय, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याचबरोबर हेही दिसलं की तो मला आठवड्यातल्या दोन रात्रींसाठी हवाय, एकट्यानं दिवे बंद करून खेळायला, आणि बाकीच्या पाच रात्री माझं फुटबॉल आणि गेम पास एसवर मजेत चालतं, आता मित्रही आहेत. दोन रात्रींसाठी आजोबांचा बाक हलवायचा नाही. रेल्मनं जाईल हे कळलंय, तिलाही सांगितलं, ती म्हणाली जाईल पण मला इथेच आवडतं.

संध्याकाळी त्या घेणाऱ्याला फोन करून नाही सांगितलं. तो म्हणाला ठीक आहे, तो दुसरा बघतोय. गेम पासचा अल्टिमेट प्लॅन खाली आणतोय, ऑक्टोबर २०२५ मध्ये इसेन्शियल, प्रीमियम आणि अल्टिमेट असे तीन केलेत, मला मोठे गेम पहिल्याच दिवशी नकोच असतात, प्रीमियम पुरेल. जे वाचेल ते पीएस ५ साठी बाजूला, ड्राइव्हवालाच घेणार, सेकंडहँड मिळाला तरी चालेल. तोवर मित्रानं योतेई संपवायला आणखी एकदा कन्सोल देतो म्हणून सांगितलंय.

यूएसबी हार्डडिस्क जुन्या लॅपटॉपची निघाली, ती केसमध्ये घालून लावलीय, तीन गेम त्यावर हलवले, आतली ११० जीबी मोकळी झाली. होम एक्सबॉक्स बघितलं, लावलेलं नव्हतं, आता लावलं. बहिणीनं तिच्या खात्यावरून माझा फोर्झा उघडून बघितला, चालला.

उद्या रात्री साडेनऊला आमचा क्लब खेळतोय, पाचवा माणूस हवाय, बचावात. एस असो, एक्स असो, पीएस ५ असो, पीसी असो, ज्याला यायचंय त्यानं मला इथे निरोपात ईए आयडी पाठवा, आणि यायच्या आधी ती प्रायव्हसीची परवानगी तेवढी बघून ठेवा.